अर्न्स्ट टोलर : कैदेतील नाटककार

बाह्य जगाची हुबेहूब नक्कल टाळून अंतर्मनातील कल्लोळ रंगमंचावर साकार करणे, हे अभिव्यक्तिवादी नाटकाचे ब्रीद. जर्मन नाटककार अर्न्स्ट टोलर याला हा कल्लोळ रणांगणाने दिला, असे आम्हांस वाटते.

१८९३ मध्ये तत्कालीन प्रशियाच्या पोझेन प्रांतात, एका ज्यू व्यापारी कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९१४ मध्ये देशप्रेमाने भारावून तो स्वेच्छेने सैन्यात गेला. तेरा महिने आघाडीवर काढल्यावर त्याचे शरीर व मन खचले आणि तो युद्धाचा कट्टर विरोधक बनला. १९१९ मध्ये म्यूनिक येथील अल्पजीवी क्रांतिसरकारात भाग घेतल्याबद्दल त्याला पाच वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी ‘दी वांडलुंग’ अर्थात ‘परिवर्तन’ हे त्याचे नाटक बर्लिनमध्ये गाजले. त्यात खंदकांमधील भूमीवर सैनिकांचे सापळे नाचतात. नाटक रंगमंचावर आणि नाटककार कोठडीत! शासनाने माफी देऊ केली. परंतु सहकारी बंदिवान आत असता एकट्याने सुटणे त्याने नाकारले. ‘मासे मेन्श’ हे नाटकही त्याने कारागृहातच लिहिले.

१९२४ मध्ये तो सुटला. १९२७ च्या ब्रुसेल्स येथील साम्राज्यशाहीविरोधी परिषदेत त्याचा पंडित नेहरूंशी स्नेह जुळला. १९३३ मध्ये नाझींनी त्याचे ग्रंथ जाळले व नागरिकत्व हिरावले. २२ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कमधील हॉटेलात त्याने आपली जीवनयात्रा संपविली.

आम्हीही गावापासून दूर राहतो. परंतु सुटीत आम्हांस परतीची गाडी मिळते. टोलरला परतावयास घरच उरले नव्हते.