गाठ काढली, मग रोजची गोळी कशाला? उत्तराच्या वाटेवर भेटतात कमल रणदिवे

परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारख्या गावात एखादी बाई स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून घरी येते, तेव्हा तिच्या औषधांत अनेकदा टॅमॉक्सिफेन नावाची छोटी गोळी असते. रोज एक, साधारण ५ वर्षं किंवा त्याहून जास्त. गाठ तर काढली, मग गोळी कशाला?

उत्तर हार्मोनमध्ये आहे. आणि हार्मोन व स्तनाच्या कॅन्सरचं नातं आपल्या देशात सुरुवातीला ज्यांनी तपासलं, त्यात एक मराठी बाई होती, डॉ. कमल रणदिवे.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरचं नाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटायचं, पण तिला पेशींनी ओढून घेतलं. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या, टाटा मेमोरियलमध्ये नोकरी करत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन केलं आणि १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या. अशी प्रयोगशाळा भारतात नव्हती. परत येऊन त्यांनी ती मुंबईत उभी केली.

उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू कसे एकत्र काम करतात हे अभ्यासलं.

टॅमॉक्सिफेन त्यांचा शोध नव्हे, ती ब्रिटनमध्ये तयार झाली. पण ती याच नात्यावर घाव घालते. इस्ट्रोजेन हे हार्मोन स्तनाच्या पेशीतल्या रिसेप्टरला चिकटतं, किल्ली कुलपात बसावी तसं. मग पेशी वाढीचा इशारा देणारी प्रथिनं बनवते. यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. टॅमॉक्सिफेन कुलपात आधीच जाऊन बसते. वाढ करायला लावणारे फॅक्टर घटतात आणि प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये वाढ रोखणारा एक फॅक्टर वाढलेलाही दिसला आहे. म्हणून शरीरात कुठे उरलेल्या पेशी असतील, तर त्यांना डोकं वर काढणं अवघड जातं. अर्थात ज्या गाठीत हे रिसेप्टर असतात, तिथेच ही गोळी चालते. त्यासाठीच गाठीची तपासणी करतात.

रणदिवेंनी १९७३ मध्ये महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्यांनी नगर जिल्ह्यात आदिवासींच्या आरोग्यासाठी काम केलं. २००१ मध्ये त्या गेल्या.

तुमच्या घरात कुणाची ही गोळी चालू असेल, तर बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू देऊ नका. त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि गाठ लागली तर लाजून लपवू नका.