रात्री दोन वाजताचा विचार : फ्रेडरिक बँटिंग

१४ नोव्हेंबर म्हटले की आपल्याला पंडित नेहरू आणि बालदिन आठवतो. याच तारखेला, १८९१ साली, कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. आता हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आमच्या वर्गात हे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. मला ते ठाऊक आहे, कारण दहावीत असल्यापासून मी रोज इन्सुलिन टोचून घेतो. ज्ञानेश्वरांवर आणि शेक्सपिअरवर लिहिणारे मित्र पुष्कळ आहेत. मी माझ्या प्राणदात्यावर लिहितो.

वैद्यकीची पदवी घेऊन बँटिंग पहिल्या महायुद्धावर गेले. १९१८ साली कांब्रेच्या लढाईत हाताला जखम झाली असतानाही त्यांनी इतर जखमींची शुश्रूषा चालू ठेवली आणि मिलिटरी क्रॉस मिळवला. पण शौर्यपदकाने रोगी मिळत नाहीत. १९२० च्या जुलैत त्यांनी कॅनडातल्याच लंडन नावाच्या शहरात दवाखाना थाटला, तर पहिला महिनाभर तिकडे जवळजवळ कोणी फिरकलेच नाही. पोटासाठी ते शिकवू लागले. ३० ऑक्टोबरला स्वादुपिंडावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. त्या रात्री झोप लागेना. दोनच्या सुमारास उठून त्यांनी वहीत एक कल्पना टिपून ठेवली : कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधावी, पाचक रसाच्या पेशी मरू द्याव्यात आणि उरलेल्या भागातून साखर उतरवणारे द्रव्य काढावे. (नळी बांधण्याची खटपट पुढे अनावश्यकच ठरली, ही गोष्ट वेगळी!) तीनच महिन्यांपूर्वी, १ ऑगस्टला, लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात निवर्तले होते. मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाने त्यांना छळले होते आणि त्या काळी पथ्याखेरीज दुसरा खरा उपाय नव्हता.

मे १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात, प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग आणि तरुण चार्ल्स बेस्ट कामाला लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप या रसायनज्ञाने अर्क शुद्ध केला आणि २३ तारखेपासून मुलाची साखर उतरू लागली.

याच कॉलिपने अर्क सशांना टोचला तेव्हा ससे आचके देऊ लागले; ग्लुकोज देताच सावध झाले. औषध सापडले त्याच हिवाळ्यात त्याचा धोकाही सापडला होता. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी प्रोटामिन मिसळून इन्सुलिनचा असर लांबवला. टोचण्या कमी झाल्या, रात्र मात्र अवघड झाली. माझे रात्रीचे एनपीएच याच घराण्यातले. जेवणाआधी घेतलेल्या या इन्सुलिनचा जोर मध्यरात्रीनंतर येतो, पोट रिकामे असताना. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, छाती धडधडते, भलतीसलती स्वप्ने पडतात. कधी जागच येत नाही, आणि खरी भीती तीच.

माझे वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कामाला आहेत. पहाटे तीनला निघताना ते माझ्या मानेवर हात ठेवून पाहतात. मान ओली लागली तर उठवतात. मग बोट टोचून साखर मोजायची, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. (माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.) झोपताना आई अर्धी भाकरी आणि दूध पुढे करते. डॉक्टरांचे म्हणणे असे की, हे डोळे मिटून रोज करायचे नाही. झोपण्यापूर्वीची साखर पाहून ठरवायचे. संध्याकाळी मैदानावर क्रिकेट झाले असेल तर खायचेच. साखर चढलेली असेल तर ती भाकरी सकाळी छळते. रोजच खाल्ल्यावाचून भागत नसेल तर इन्सुलिनची मात्राच बदलायला हवी. नवी, दिवसभर सारखी चालणारी इन्सुलिने घेणाऱ्या अनेकांना हे खाणे लागतही नाही, पण ती महाग पडतात. आईला हे सारे पटले आहे असे म्हणवत नाही.

१९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिले. त्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळाले. बेस्टला वगळल्याचा बँटिंग यांना संताप आला आणि त्यांनी आपली निम्मी रक्कम त्याला दिली. मॅक्लिऑड यांनीही कॉलिपला वाटा दिला. स्वभावाने बँटिंग तापटच होते. मॅक्लिऑड यांच्याशी त्यांचे कधी जुळले नाही, आणि त्यात सगळा दोष एकट्या मॅक्लिऑड यांचा होता असे मला वाटत नाही. कुंचला हाती घेतला की ते रमत. बर्फातली खेडी त्यांनी पुष्कळ रंगवली.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला निघाले असता न्यूफाउंडलंडमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी ते गेले. १९२२ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची अमेरिकन मुलगी त्यांच्याकडे आली होती. उपासाच्या उपचारांनी हाडांचा सापळा झालेल्या त्या पोरीचे वजन तेव्हा जेमतेम वीस किलो होते. पुढे तिचे लग्न झाले, तिला तीन मुले झाली आणि बँटिंग यांच्यानंतर चाळीस वर्षे, १९८१ पर्यंत, ती इन्सुलिनवर जगली.