सहभागाचे दान : ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचे जीवनकार्य

दानशूर माणसांची थोरवी आपण बहुधा त्यांनी दिलेल्या रकमेवरून ठरवतो. ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचे चरित्र मात्र त्यांनी किती दिले यापेक्षा देताना कोणत्या अटी घातल्या, यावरून अधिक उलगडते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा ज्या योजनेतून उभ्या राहिल्या, तिला त्यांचे नाव आहे. या स्मरणिकेत त्या दूरच्या शाळांची कथा सांगावी असे आम्हांस वाटले, ते त्या अटींमुळेच.

रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफिल्ड या गावी झाला. अब्राहम लिंकन यांचे घर तेथून हाकेच्या अंतरावर होते. आईवडील जर्मनीतून आलेले ज्यू, आणि वडिलांचे तयार कपड्यांचे दुकान. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ज्यूलियस न्यूयॉर्कला मामांच्या पेढीवर उमेदवारी करण्यास गेले. पुढे त्यांनी शिकागोत स्वतःचा व्यवसाय थाटला. १८९५ मध्ये त्यांनी ‘सिअर्स, रोबक’ या कंपनीत भागीदारी घेतली. छापील सूचिपुस्तकातून ग्राहकाने वस्तू निवडावी आणि टपालाने तिची मागणी करावी, असा तिचा व्यवहार होता. १९०८ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि देशातील मोठ्या धनिकांत त्यांची गणना होऊ लागली.

त्याच वर्षी त्यांच्या जन्मगावी भीषण वांशिक दंगल झाली. लिंकन यांच्या गावातच कृष्णवर्णीयांची घरे जाळली गेली आणि दोघांना जमावाने ठार केले. ज्यू समाजाने युरोपात सोसलेल्या अत्याचारांची जाणीव रोझेनवाल्ड यांना होतीच. शिकागोतील त्यांचे धर्मगुरू एमिल हर्श हे दान म्हणजे कृपा नव्हे, तर न्यायाचा भाग आहे अशी शिकवण देत. १९१० मध्ये त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचले आणि पुढच्याच वर्षी दोघांची भेट झाली. गुलामीत जन्मलेल्या वॉशिंग्टन यांनी अलाबामा राज्यात उभारलेली टस्कीगी संस्था मराठी वाचकांना ‘एक होता कार्व्हर’ या वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे परिचित आहे. १९१२ मध्ये रोझेनवाल्ड त्या संस्थेचे विश्वस्त झाले.

त्यांच्या दानाची रीत तोवर ठरून गेली होती. जे शहर कृष्णवर्णीय तरुणांसाठी वायएमसीएची इमारत बांधण्याकरिता ७५,००० डॉलर जमवील, त्याला उरलेले २५,००० डॉलर आपण देऊ, असे त्यांनी जाहीर केले. त्या काळी शहरात कामधंद्यासाठी आलेल्या कृष्णवर्णीय माणसाला निवासासाठी खोली मिळणे दुरापास्त होते. वीसहून अधिक शहरांनी हे आवाहन स्वीकारले.

दक्षिणेतील ग्रामीण शाळांचा प्रश्न मात्र अधिक बिकट होता. तेथे प्रत्येक कौंटीचे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाचे, शिक्षण मंडळ शाळा चालवीत असे. कर सर्वांकडून घेतला जाई, परंतु खर्च करताना गौरवर्णीय मुलांच्या शाळांना झुकते माप मिळे. मतदानासाठी विशेष कर आणि साक्षरतेच्या परीक्षा लादून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला होता. त्यामुळे मंडळाच्या सभासदांना त्यांची फिकीर बाळगण्याचे कारण उरले नव्हते. अनेक गावांत मुले चर्चमध्ये किंवा मोडकळीस आलेल्या खोपटात शिकत.

१९१२ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीस २५,००० डॉलर दिले. त्यातील काही भाग आसपासच्या सहा खेड्यांतील शाळांसाठी वापरण्याची परवानगी वॉशिंग्टन यांनी मागितली आणि ती मिळाली. पहिली शाळा १९१३ मध्ये लोचापोका येथे उभी राहिली. तिचा खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यात रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर, गौरवर्णीय रहिवाशांचे ३६० डॉलर, कृष्णवर्णीय ग्रामस्थांचे रोख १५० डॉलर आणि १३२ डॉलर ५० सेंट मोलाचे श्रमदान होते. पुढच्या वर्षी रोझेनवाल्ड यांनी शंभर शाळांसाठी ३०,००० डॉलर दिले. १९१५ मध्ये वॉशिंग्टन यांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. १९१७ मध्ये रोझेनवाल्ड निधीची रीतसर स्थापना झाली.

निधीच्या अटी साध्या होत्या, पण त्यांचा परिणाम दूरवर जाणारा होता. गावाने आपला वाटा पैशाने, जमिनीने किंवा श्रमाने उचलावा. कौंटीच्या शिक्षण मंडळानेही पैसे घालावेत, इमारत सार्वजनिक शाळा म्हणून स्वीकारावी, शिक्षकांचे वेतन द्यावे आणि शाळा चालवावी. आजवर ज्या मंडळांनी या मुलांकडे पाठ फिरवली होती, त्यांना कर्तव्याच्या चौकटीत आणणारी ही युक्ती होती. देणगीदाराच्या खासगी मालकीची शाळा त्याची इच्छा संपली की बंद पडू शकते. सार्वजनिक शाळेवर मात्र मुलांचा हक्क राहतो.

इमारतींचे आराखडेही विचारपूर्वक केलेले होते. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांच्या रांगा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे ठेवून वर्गात भरपूर उजेड येईल अशी रचना असे.

गावकऱ्यांनी आपला वाटा कसा उचलला, ही या कथेतील सर्वांत हृद्य बाजू होय. कोणी शेताचा एक तुकडा राखून त्यातील कापसाचे उत्पन्न शाळेला दिले, कोणी झाडे तोडून लाकूड पुरवले, स्त्रियांनी जेवणावळी घालून पैसे जमवले. अलाबामातील बोलिगी येथील सभेत गुलामीचे दिवस पाहिलेल्या एका वृद्धाने मळक्या पिशवीतील आयुष्यभराची पुंजी टेबलावर रिकामी केली. ती ३८ डॉलर भरली. आपल्या मुलानातवंडांना शिकण्याची संधी मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती.

१९३२ मध्ये शाळाबांधणीचा कार्यक्रम संपला, तेव्हा पंधरा राज्यांतील ८८३ कौंट्यांत शाळा, शिक्षकनिवास आणि कार्यशाळा मिळून ५,३५७ इमारती उभ्या होत्या. त्यांपैकी ४,९७७ शाळा होत्या आणि त्यांत साडेसहा लाखांहून अधिक मुलांची सोय होती. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. त्यात निधीचा वाटा सुमारे ४३ लाख ६५ हजार, कृष्णवर्णीयांचा सुमारे ४७ लाख २६ हजार, गौरवर्णीय व्यक्तींचा सुमारे १२ लाख १२ हजार आणि सार्वजनिक करांतून आलेला सुमारे १ कोटी ८१ लाख डॉलर होता. ज्यांच्यासाठी दान होते, त्यांनी दात्यापेक्षा अधिक दिले आणि त्या दोघांच्या दुपटीच्या जवळपास रक्कम सरकारी तिजोरीतून निघाली.

या आकड्यांत एक अन्यायही दडला आहे, त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. कृष्णवर्णीय शेतकरी कर भरत होताच, वर त्याच शाळेसाठी त्याला वर्गणी द्यावी लागली. जे गौरवर्णीय शेजाऱ्यास करापोटी मिळे, त्यासाठी त्याला दोनदा मोल मोजावे लागले. शिवाय या शाळांनी वर्णभेदाची भिंत पाडली नाही, तिच्या आतच जागा निर्माण केली. पाडण्याचे काम न्यायालयात आणि रस्त्यावर व्हायचे होते. सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ मध्ये आला. त्या लढ्यातील एक अग्रणी, पुढे संसद सदस्य झालेले जॉन लुईस, आणि लेखिका माया अँजेलो हे दोघेही रोझेनवाल्ड शाळांतच शिकले होते. दक्षिणेच्या ग्रामीण भागातील दोन वर्णांमधील शिक्षणाची दरी त्या काळात जेवढी कमी झाली, त्यातील सुमारे ४० टक्के वाटा या शाळांचा होता, असा निष्कर्ष पुढे अर्थशास्त्रज्ञांनी काढला.

निधीने १९२८ पासून शिष्यवृत्त्याही दिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, ते थोर विचारवंत डू बॉइस हे त्या शिष्यवृत्तीच्या मानकऱ्यांपैकी एक.

रोझेनवाल्ड यांचे ६ जानेवारी १९३२ रोजी निधन झाले. निधी कायमचा साठवून ठेवू नये, प्रत्येक पिढीने आपल्या काळाच्या गरजा आपणच भागवाव्यात, असे त्यांचे मत होते. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत सर्व रक्कम खर्च करावी, असे त्यांनी घालून दिले होते. निधीने ते त्याआधीच, १९४८ मध्ये, पूर्ण केले. शिकागोतील विज्ञान संग्रहालयासाठी त्यांनी लक्षावधी डॉलर दिले, पण त्यास आपले नाव असावे असा आग्रह धरला नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन केले, की महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणास होतो. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून काम केलेल्या जोतीरावांना सार्वजनिक पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हे नीट ठाऊक होते. अलाबामातील खेडुतांचे गाऱ्हाणे वेगळे नव्हते.

समाजाच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या शाळांची महती आपल्या समाजास सांगावयास नको. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी यथाशक्ति देत राहावे, अशी आमची विनंती आहेच. रोझेनवाल्ड यांच्या चरित्रातून तिला आणखी एक जोड द्यावीशी वाटते. आपण दिलेला रुपया शासनाच्या जबाबदारीची जागा घेण्यासाठी नसावा, तिची आठवण करून देण्यासाठी असावा. पंचायत, नगरपालिका व जिल्हा परिषद यांच्या अंदाजपत्रकात आपल्या मुलांसाठी काय आहे, हे विचारणे हेही देणगी देण्याइतकेच शाळेचे काम आहे. बोलिगीच्या त्या वृद्धाने पुंजी ओतली, ती आपल्या नातवंडांची शाळा कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये म्हणून.