ग्रहण, राहू आणि भास्कराचार्य

पावसाळ्यात गगनबावड्याला धुक्यामुळे चंद्र दिसतही नाही. तरी ग्रहण असले की गरोदर बाया दिवसभर पाण्याचा घोट न घेता बसतात आणि संध्याकाळी चक्कर आली म्हणून दवाखान्यात येतात. अशा वेळी मला भास्कराचार्य आठवतात.

त्यांचा जन्म 1114 सालचा, सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेल्या विज्जडविड गावचा. ते गाव नेमके कुठले, यावर अजून वाद आहे. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या 36व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला.

गणितात परंपरेचे वचन मानायचे ते उपपत्ती असेल तरच, हा त्यांचा आग्रह. पृथ्वीला कोणी तरी धरून ठेवले आहे म्हणता, मग त्या धरणाऱ्याला आधार कोणाचा? शेवटी कुणाला तरी स्वतःची शक्ती मानावीच लागते, तर ती पृथ्वीलाच का मानू नये? जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, आणि चहूकडे आकाश सारखेच असताना ती स्वतः पडणार कुठे? गगनगडावरून कोकण पाहताना जमीन सपाट वाटते. त्यावरही त्यांचे उत्तर होते: परिघाचा शंभरावा हिस्सा सपाटच दिसतो. पृथ्वी स्थिर आहे, असे मात्र ते मानत. तिथे ते चुकले.

चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे त्यांनी गणिताने मांडले. पण पुराणांना दुखवायला नको म्हणून ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो, अशी तडजोडही केली. मला ती खटकते. सावलीने पोटातल्या बाळाला काही होत नाही. आईच्या उपाशी राहण्याने, पाणी न पिण्याने मात्र त्रास होतो. ग्रहणातही वेळेवर जेवा, साखरेचे औषध चुकवू नका.

मुलगी लीलावतीचे वैधव्य टाळायला त्यांनी मुहूर्त काढला, पण घटिकापात्रात मोती पडला आणि वेळ टळली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. ती त्यांच्या ग्रंथात नाही. फैजीने 1587 मध्ये ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला, त्यात ती येते. पुराव्याशिवाय न मानणाऱ्या माणसाच्या नावावर आपण नशिबाचीच कथा लक्षात ठेवली! अर्थात फलज्योतिष त्यांच्या घरात होतेच. नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानेच चाळीसगावजवळ पाटणे इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा 1207चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, म्हणजे आमच्याच पेशातल्या माणसाने.