केनेडी आणि मुक्त व्यापाराची किंमत मोजणारा कामगार

जॉन एफ. केनेडी यांचे नाव निघाले की क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंग, चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प आणि डल्लास येथील हत्या या घटना डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परदेशी मालामुळे बेकार झालेल्या कारखाना कामगाराला सावरणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार अमेरिकेच्या कायद्यात आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते, हे मात्र सहसा कोणाच्या स्मरणात नसते.

केनेडी यांचा जन्म २९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे एका गर्भश्रीमंत कुटुंबात झाला. वडील बडे भांडवलदार आणि पुढे ब्रिटनमधील अमेरिकी राजदूत. हार्वर्डचे शिक्षण आणि दुसऱ्या महायुद्धातील नौदलाची सेवा आटोपून १९४६ मध्ये, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी, ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १९५२ मध्ये ते सिनेटमध्ये पोहोचले.

ज्या राज्याचे ते प्रतिनिधित्व करीत होते, ते एकेकाळी अमेरिकेचे गिरणगाव होते. लोवेल, लॉरेन्स, फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड ही शहरे कापडावर जगली होती. परंतु स्वस्त मजुरी आणि दुबळ्या कामगार संघटना यांच्या ओढीने गिरण्या दक्षिणेकडील राज्यांत जाऊ लागल्या आणि मागे उरली बंद दारे व बेकार हात. १९५३ च्या मे महिन्यात केनेडी यांनी न्यू इंग्लंडच्या आर्थिक दुरवस्थेवर सिनेटमध्ये तीन भाषणे केली. गिरणी गेली तरी कामगार तेथेच राहतो, हे त्यांना मतदारसंघानेच शिकविले होते.

त्याच सुमारास पोलाद कामगारांचे नेते डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी परराष्ट्र व्यापारविषयक रँडल आयोगापुढे एक सूचना मांडली. आयात शुल्क कमी केल्याने देशाचा लाभ होत असेल, तर त्यापायी ज्यांची नोकरी जाईल त्यांना सरकारने मदत करावी, असा तिचा आशय होता. आयोगाने ती मानली नाही. केनेडी यांनी मात्र १९५४ मध्ये सिनेटमध्ये त्या धर्तीचे विधेयक आणले. तेही बारगळले, पण विचार त्यांनी सोडला नाही.

१९६१ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा युरोपची सामायिक बाजारपेठ आकाराला येत होती. तिच्याशी वाटाघाटी करायच्या तर शुल्ककपातीचे व्यापक अधिकार हवे होते. कापड उद्योगाचा विरोध शमविण्यासाठी त्यांनी सुती कापडाच्या आयातीवर मर्यादा घालणारे आंतरराष्ट्रीय करार घडवून आणले. कामगार संघटनांचा पाठिंबा मिळविण्यात साहाय्याच्या तरतुदीचा मोठा वाटा होता. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी व्यापार विस्तार कायद्यावर स्वाक्षरी केली. शुल्क ५० टक्क्यांपर्यंत घटविण्याचा अधिकार अध्यक्षांना मिळाला. बाधित कामगाराला त्याच्या सरासरी वेतनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, तोही ५२ आठवड्यांपर्यंत, शिवाय प्रशिक्षण आणि दुसऱ्या गावी स्थलांतराचा खर्च देण्याची सोय झाली.

तरतूद उदार होती, पण दार अरुंद होते. आयात वाढण्याचे प्रमुख कारण शुल्कातील सवलत हेच आहे आणि नोकरी जाण्याचे प्रमुख कारण ती आयात हेच आहे, असे दोन्ही टप्प्यांवर सिद्ध करावे लागे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांची हत्या झाली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी व्यापार वाटाघाटींची फेरी १९६७ मध्ये यशस्वी झाली, शुल्के उतरली. परंतु या कायद्याखाली १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. व्यापाराचा करार पाळला गेला, कामगाराशी केलेला मात्र सात वर्षे कागदावर राहिला. संघटनांचा या योजनेवरील विश्वास उडाला, तो पुढे कधीच पुरता परतला नाही.

१९७४ च्या व्यापार कायद्याने अटी सैल झाल्या. १९८० मध्ये मोटार उद्योग मंदीत सापडला तेव्हा पाच लाखांहून अधिक कामगारांना हा भत्ता मिळाला. लगेच १९८१ मध्ये रेगन प्रशासनाच्या काळात त्याला कात्री लागली. केवळ माल परदेशातून येतो म्हणून नव्हे, तर कारखानाच परदेशी हलविला म्हणून बेकार होणाऱ्यांचा विचार आणखी उशिरा झाला. १९९३ मध्ये मेक्सिको व कॅनडाकडे गेलेल्या उत्पादनापुरता, २००२ मध्ये आणखी काही देशांपुरता आणि २००९ मध्ये सेवा क्षेत्रासह सर्व देशांसाठी तो कायद्यात आला. मुदतवाढ न मिळाल्याने १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करण्याचे कामच थांबले.

केनेडी यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या कायद्याच्या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. व्यापाराचा लाभ साऱ्या देशाला मिळतो, तर त्याचा भार एकट्या गिरणी कामगाराने का वाहावा, हा प्रश्न एका धनाढ्याच्या मुलाने राष्ट्रापुढे ठेवला आणि त्याचे उत्तर कायद्यात लिहिले. पण हक्क देणे आणि तो पदरात पडेल अशी व्यवस्था करणे यांतील अंतर त्यांच्या कायद्याने पार केले नाही. लॉरेन्स आणि लोवेलच्या गिरण्यांनी विचारलेला तो प्रश्न आजही सुटलेला नाही.