कुठल्याही दुकानातला बोल्ट तुमच्या गाडीला बसतो, कारण १८४१ मध्ये एका माणसाने हट्ट धरला होता

स्टिअरिंग वळवताना कुंईकुंई आवाज येतोय, हात भरून येतायत आणि पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतायत. मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि सांगतो की पॉवर स्टिअरिंगचा पंप गेलाय. नव्या गाड्यांमध्ये आता इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, पण तेलाच्या पंपावर चालणाऱ्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत.

पंप बदलणं तसं फार मोठं काम नाही. तीन-चार बोल्ट, दोन पाइप आणि एक पट्टा. पण त्यातला एक बोल्ट जाम निघतो आणि अख्खा दिवस जातो.

बोल्ट जाम का होतो? लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती गंजाने ठासून भरते. त्यात पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचा असेल तर आणखी पंचाईत. पावसाचं पाणी शिरलं की दोन वेगळ्या धातूंमुळे ॲल्युमिनियम झपाट्याने खराब होतं आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टला धरून बसते.

अशा वेळी अनुभवी मेकॅनिक लगेच ताकद लावत नाही. आधी गंज सोडवणारं तेल मारून ते मुरू देतो. मग हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके देतो, म्हणजे गंजाला तडे जातात. मग बोल्ट आधी किंचित आवळतो आणि त्यानंतर सोडवतो, असं पुढे-मागे करत राहतो. पाना सहा कोनांचा आणि नेमक्या मापाचा घेतो. हे माप फार महत्त्वाचं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी घडणीच्या गाडीत बहुधा १२ चा पाना लागतो, तर युरोपीय गाडीत १३ चा. हाताशी आहे म्हणून अर्ध्या इंचाचा पाना १२ वर चढवला की संपलं, कोपरे गोल झालेच म्हणून समजा.

गरम करणं हा पुढचा उपाय. पण स्टिअरिंगचं तेल पेट घेतं आणि आसपास रबरी पाइप असतात, त्यामुळे सगळं तेल पुसून, पाइप बाजूला करूनच. तरीही बोल्ट तुटला, तर मधोमध ड्रिल मारून एक्स्ट्रॅक्टरने उरलेला तुकडा काढायचा, भोकात टॅप फिरवून आटे साफ करायचे आणि नवा बोल्ट लावायचा. तो मात्र मूळ बोल्टच्याच ग्रेडचा हवा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो बघून घ्या. स्टिअरिंगच्या बाबतीत चालतंय ते लावू, हे अजिबात चालत नाही.

आता गंमत बघा. टॅप बाजारात मिळाला, बोल्टही मिळाला, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, तरी एकमेकांत बसले. दोनशे वर्षांपूर्वी हे अशक्य होतं. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कुणाचे बारीक, कुणाचे जाड, कुणाचे खोल. यंत्राचा बोल्ट तुटला की ते यंत्र जिथे बनलं तिथूनच तो बनवून आणायचा. तो कारखाना बंद पडला असेल तर बसा हातावर हात ठेवून.

हा गोंधळ ज्याने मोडून काढला तो माणूस म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ.

२१ डिसेंबर १८०३ ला इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावात त्याचा जन्म झाला. वडील शिक्षक, पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये मामांच्या सूतगिरणीत पाठवलं गेलं. पुढे गिरणीचा मालक व्हायची संधी होती, पण पोराचं लक्ष धाग्यात नव्हतं, माग चालवणाऱ्या यंत्रात होतं. गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा कारागीर म्हणून कामाला लागला.

१८२५ मध्ये त्याने लंडन गाठलं आणि हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात नोकरी धरली. मॉडस्ले म्हणजे त्या काळच्या यंत्र कारागिरांचं विद्यापीठच. नंतर तो जोसेफ क्लेमंट यांच्याकडे गेला. कॉम्प्युटरचे आजोबा मानले जाणारे चार्ल्स बॅबेज यांच्या गणन यंत्राचे भाग तिथे बनत होते. अचूकता म्हणजे नक्की काय, ते व्हिटवर्थ इथे शिकला.

लोखंडाचा पत्रा एकदम सपाट कसा करायचा, हा त्याला पडलेला पहिला मोठा प्रश्न. वाटतो सोपा, पण विचार करा. एखादी गोष्ट सपाट आहे हे तपासायला आधी सपाट असलेलं काहीतरी लागतं. मग ते पहिलं कुठून आणायचं? दोन पत्रे एकमेकांवर तंतोतंत बसले तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. त्याने तीन पत्रे घेतले. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी जुळवायचा आणि उंचवटे खरवडत जायचे. तिन्ही एकमेकांशी जुळतात ते फक्त तिन्ही सपाट असतील तरच. तीन पत्र्यांची ही कल्पना पूर्वीही होती, पण घासण्याऐवजी खरवडायची पद्धत व्हिटवर्थने रुजवली. १८४० मध्ये ग्लासगोच्या परिषदेत त्याने ती मांडली.

१८३३ मध्येच तो मँचेस्टरला परतला होता आणि स्वतःचा कारखाना काढला होता. तिथली यंत्रं दूरदूर जायला लागली आणि आट्यांचं दुखणं रोज समोर यायला लागलं.

मग त्याने एक साधं पण प्रचंड चिकाटीचं काम केलं. देशभरातल्या कारखान्यांमधून स्क्रू आणि बोल्ट गोळा केले आणि सगळे मोजले. आट्यांच्या दोन उतारांमधला कोन किती, खोली किती, एका इंचात आटे किती, अशी सगळी मापं काढली. त्यांची सरासरी धरून १८४१ मध्ये सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला. कोन सगळ्यांचा ५५ अंश. पाव इंचाच्या बोल्टला इंचात २० आटे, अर्ध्या इंचाच्या १२, एक इंचाच्या ८. आट्यांची टोकं आणि तळ गोलसर.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्याने आपल्याच कारखान्याचं माप सगळ्यांवर लादलं नाही. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडंच बदलावं लागणार होतं. रेल्वे कंपन्यांनी हे आटे उचलले आणि १८६० पर्यंत ते इंग्लंडमध्ये सर्रास झाले.

त्याचा फायदा युद्धात दिसला. क्रिमियन युद्धाच्या वेळी ब्रिटिश नौदलाला छोट्या युद्धनौकांसाठी जवळपास ९० इंजिनं तातडीने हवी होती. एका कारखान्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हतंच. जॉन पेन यांनी नमुन्याचं इंजिन सुटं केलं आणि एकेक भाग वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिला. भाग बनून आले आणि एकमेकांत बसले, कारण आटे एकच होते.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात व्हिटवर्थने इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारं यंत्र मांडलं. मग तो बंदुकीकडे वळला आणि षटकोनी नळीची रायफल बनवली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सरकारी एनफिल्डला मागे टाकलं. हो, ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चा भडका उडाला तीच. पण व्हिटवर्थची रायफल महाग होती आणि तिची अरुंद नळी लवकर मळायची, म्हणून ब्रिटिश लष्कराने ती नाकारली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. जो माणूस सगळ्यांना एका मापावर आणत होता, त्याच्या कामाचा हा भागही त्याच्याच नावावर आहे.

तोफांच्या धंद्यात विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी त्याचं हाडवैर. माणूस स्वभावाने कडक, तडजोड जमत नसे. गंमत म्हणजे तो गेल्यावर दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, दोघांच्या कंपन्या एक झाल्या.

पैसा अमाप आला. मूलबाळ नव्हतं. १८६८ मध्ये त्याने तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, ती आजही मिळते. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये त्याचा मृत्यू झाला. मँचेस्टरची प्रसिद्ध व्हिटवर्थ आर्ट गॅलरी त्याच्याच पैशातून उभी राहिली.

त्याचे आटे मात्र सगळ्या जगाचे झाले नाहीत. अमेरिकेने विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये मांडलेला ६० अंशांचा आटा धरला, कारण तो बनवायला सोपा होता. दुसऱ्या महायुद्धात याचा फटका बसला. पॅकार्ड कंपनी अमेरिकेत ब्रिटिश मर्लिन विमान इंजिनं बनवत होती आणि त्यासाठी ब्रिटिश आट्यांची हत्यारं तिला स्वतः तयार करावी लागली. अखेर १८४१ नंतर तब्बल १०७ वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने ६० अंशांवर एकमत केलं. तुमच्या गाडीतल्या मिलिमीटरच्या बोल्टांचा कोनही ६० अंशच असतो.

व्हिटवर्थ तरीही आपल्या घरात आहे. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुताचा बोल्ट मागतात, म्हणजे पाव इंच. इंचाचं हे माप ब्रिटिश यंत्रांबरोबर आलं. रील शूट करताना मोबाइल किंवा कॅमेरा ज्या ट्रायपॉडवर लावता, त्याचा स्क्रूही पाव इंचाचा, इंचात २० आट्यांचा, म्हणजे व्हिटवर्थने ठरवलेलाच आकडा. जुन्या बुलेटवर काम करणाऱ्यांकडे वेगळा पाने-संच असतो, कारण व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याची रुंदी नाही तर बोल्टची जाडी सांगतो. आणि बाथरूममधला नळ सोडवून पाहिलात तर त्याला प्लंबर जो पांढरा टेप गुंडाळतो, त्या टेपखाली आजही ५५ अंशांचेच आटे असतात.