मऱ्हाटीचे आचार्य केशिराजबास

सूत्रपाठाचे संकलक म्हणून आचार्य केशिराजबास, म्हणजेच केसोबास, यांचे स्थान पंथात सर्वमान्य आहे. परंतु संस्कृतात निष्णात असलेला हा पंडित मराठीचा ग्रंथकार कसा झाला, हे त्यांच्या चरित्रातील मर्म होय.

आचार्य श्रीनागदेव तथा भटोबास यांचे ते शिष्य. त्यांचे 'रत्नमालास्तोत्र' संस्कृतात आहे. भाषेचे शुद्धाशुद्धत्व शास्त्राने ठरते, नियम आधी आणि बोलणे मागून, ही तत्कालीन विद्वानांची धारणा होती. स्मृतिस्थळात असे येते की त्यांनी संस्कृतात प्रश्न केला असता भटोबासांनी तो मराठीतच विचारावयास सांगितले. कारण स्वामींनी त्यांना निरूपण मराठीतूनच केले होते. संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मनोदयही भटोबासांनी मान्य केला नाही. तसे झाल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची चिंता होती.

येथे भाषेची कसोटीच पालटली. ज्या वचनाने श्रोत्याला बोध होतो ते वचन योग्य, हे नवे प्रमाण झाले. केसोबासांनी ते शिरोधार्य मानले. लीळाचरित्रातील सर्वज्ञांची वचने वेचून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला. संस्कृत वळणासाठी मूळ मराठी बोल बदलले नाहीत. दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी योजना आहे. सूत्र तत्त्व सांगते, दृष्टांत ते लौकिक व्यवहारात दाखवितो आणि दार्ष्टांतिक त्यांचा मेळ घालते. यांतील सूत्रे व दृष्टांत स्वामींचे; दार्ष्टांतिके केसोबासांची. प्रत्येक वाक्यास त्याचे कार्य नेमून दिलेले आहे.

पुढे भीष्माचार्यांनी 'पंचवार्तिक' रचले. मराठी व्याकरणाचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. येथेही भाषा आधी होती आणि तिच्यातील वचनांचा अर्थ उलगडण्यासाठी व्याकरण मागून आले. याचा अर्थ नियमांस मोल नाही असा नव्हे. ब्रह्मविद्येचे वचन अक्षरशः जतन करणे हाही नियमच. मात्र तो बोधासाठी आहे, पांडित्याच्या प्रदर्शनासाठी नाही.

सात शतकांनंतर सूत्रांतील मऱ्हाटी सामान्य वाचकास दुर्बोध झाली आहे. तिचा अर्थ सांगताना आपण जड संस्कृत शब्दांची रास रचू लागलो, तर भटोबासांना वाटलेली चिंता आपल्याच हातून खरी ठरेल. सूत्राचे अक्षर जपावे, निरूपण मात्र श्रोत्याच्या भाषेत करावे, हाच केसोबासांच्या चरित्राचा बोध होय.